रायफल दिवसभर वागवायची कशी? न्यूझीलंडच्या डोंगरात पहिल्यांदा शिकारीला निघालेल्यांसाठी

नेम कसा धरायचा, श्वास कुठे रोखायचा, चाप कसा दाबायचा हे शिकवणारी माणसं मला क्राइस्टचर्चला आल्यावर भरपूर भेटली. रायफल दिवसभर अंगावर वागवायची कशी, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. "पट्टा लाव आणि अडकव खांद्याला," एवढंच. अडकवली. दुपारपर्यंत उजवा खांदा बधिर झाला होता आणि प्रत्येक उतारावर दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग, मांडीच्या मागे धपाधप आपटत होता. त्या दिवशी सात तास चाललो आणि गोळी एकही झाडली नाही. शिकारीचे बहुतेक दिवस असेच जातात, म्हणून वागवण्याचा विचार नेमाच्या आधी करायचा.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे यातलं काहीही तिकडे लागू नाही. न्यूझीलंडची गोष्ट उलटी आहे. वटवाघळं सोडली तर इथे जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं, शॅमॉय आणि ताहर (हे दोन्ही डोंगरी शेळीसारखे प्राणी) सगळे बाहेरून आणून सोडलेले, आणि त्यांच्या चरण्याने इथल्या झाडोऱ्याची वाट लागते. ताहर तर आपल्या हिमालयातला. 1904 मध्ये माउंट कुकजवळ सोडला. भारतात त्याला कायद्याचं कडक संरक्षण आहे आणि इथे 1993 च्या सरकारी आराखड्यात त्याची संख्या 10,000 च्या वर जाऊ द्यायची नाही असं लिहून ठेवलंय. माझ्या सासूबाईंना हे पटत नाही. फोनवर मी "ट्रेकला चाललेय" एवढंच सांगते.

1. आधी कागदपत्रं

हा भाग पटकन उरकते, कारण अधिकृत माहिती सोप्या इंग्रजीत सगळीकडे मिळते.

- फायरआर्म्स लायसन्स. वयाची 16 वर्षं पूर्ण हवीत. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष हाताळणीचा वर्ग, मग पार्श्वभूमीची चौकशी आणि घरातली तिजोरी तपासायला येणारा माणूस. लायसन्स नसेल तर लायसन्सधारक अगदी शेजारी उभा असतानाच रायफल हातात घेता येते.
- रायफलची नोंद. जून 2023 पासून बंदुकांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आहे.
- सरकारी जंगलात शिकारीचं परमिट. डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन, म्हणजे ज्याला सगळे 'डॉक' म्हणतात, ते ऑनलाइन फुकट देतं. ते जवळ बाळगावं लागतं. छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, डोंगरात मोबाइलची बॅटरी थंडीने कधीही मान टाकते.
- खाजगी शेतातून जाणार असाल तर मालकाची परवानगी. यात आळस करू नका.

2. रायफल तराजूवर ठेवा, मग टेपने मोजा

दुकानात सांगितलेलं वजन नुसत्या रायफलचं असतं. त्यावर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, चढतो, सप्रेसर चढतो (नळीच्या टोकाला लावायचा, आवाज कमी करणारा; इथे तो कायदेशीर आहे आणि जवळजवळ सगळे वापरतात), पट्टा येतो, गोळ्या येतात. माझी रायफल कागदावर 2.9 किलोची. सगळं लावून घरच्या काट्यावर ठेवली तेव्हा 4 किलो 100 ग्रॅम भरली. माझं स्वतःचं वजन 52 किलो. सव्वा किलोचा फरक वाचायला किरकोळ वाटतो, सहाव्या तासाला वाटत नाही.

वजनापेक्षा लांबीकडे माझं जास्त लक्ष असतं. 20 इंची नळीची बोल्ट रायफल (बोल्ट म्हणजे हाताने मागे-पुढे ओढून काडतूस आत सारायचा दांडा) साधारण एक मीटरची होते. पुढे सप्रेसर आला की आणखी बोटभर किंवा वीतभर वाढते. माझी उंची पाच फूट एक इंच. ही काठी पाठीवर उभी केली की वरचं टोक डोक्याच्या वर जातं आणि खालचं टोक मांडीला लागतं. उंच माणसाने "मला तर काही त्रास होत नाही" म्हटलं तर त्याचं ऐकून सोडून द्या.

यावर इथले बरेच जण नळी 16 इंचांपर्यंत कापून घेतात. झाडीत चालायला फार सोपं जातं. पण हे काम गनस्मिथकडूनच करून घ्या आणि एकूण लांबी विसरू नका. 762 मिलिमीटरपेक्षा आखूड बंदूक इथल्या कायद्यात पिस्तूल ठरते आणि तुमचं साधं लायसन्स तिला चालत नाही. घडीचा दस्ता असणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

3. दिवसाचे तुकडे पाडा

नवखा माणूस "चांगला पट्टा कुठला?" असं विचारतो. मीही विचारायचे. पण त्याआधीचा प्रश्न असा, की या पुढच्या अर्ध्या तासात माझे हात कशासाठी लागणार आहेत आणि नळीचं तोंड कुणाकडे बघणार आहे?

माझ्या एका दिवसाचे तुकडे साधारण असे पडतात. गाडीपासून नदीकाठाने दोन तास सरळ चाल. मग बीच नावाच्या झाडांच्या रानातून चढ, जिथे मुळांना धरून वर जावं लागतं. रानाच्या वर उंच गवताचा पट्टा, तिथे थांबत थांबत दुर्बिणीने शोध. शेवटी हळूहळू जवळ जाणं. आणि मग हे सगळं उलट्या क्रमाने, थकलेल्या पायांनी. या पाच तुकड्यांसाठी एकच पद्धत पुरेल असं म्हणणाऱ्याने बहुधा गाडीतूनच शिकार केली असावी.

सरळ चालीत रायफल सॅकवर बांधलेली उत्तम. वजन कमरेच्या पट्ट्यावर उतरतं, दोन्ही हात काठ्यांना मोकळे.

चढावर, रानात सुद्धा सॅकवरच, पण आडवी फांदी आली की वरचं टोक अडकणार. इथल्या रानात सप्लजॅक नावाची काळी वेल असते, वेताच्या छडीसारखी चिवट आणि गाठी मारल्यासारखी लोंबणारी. ती पट्टा, स्कोप, माणूस, सगळं धरून ठेवते. असल्या जागी मी रायफल काढून एका हातात घेते, मधोमध, तोलाच्या जागी धरून, नळी पुढे आणि किंचित खाली. पुढे कुणी चालत असेल तर ही पद्धत बाद.

दुर्बिणीने शोधताना पट्ट्याने खांद्यावर. पट्ट्याचा खरा उपयोग एवढ्याच तुकड्यात आहे असं माझं मत झालंय.

जवळ जाताना दोन्ही हातांत, छातीसमोर तिरकी, नळी वर आणि माणसांपासून दूर. दमवणारी पद्धत आहे, म्हणून ती शेवटच्या वीस मिनिटांपुरतीच ठेवायची.

आणि यातल्या प्रत्येक तुकड्यात चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, रिकामं. इथल्या सात सुरक्षा-नियमांतला तिसरा नियम हाच आहे, की झाडायला तयार झाल्यावरच काडतूस चेंबरमध्ये घ्यायचं. सॅकवर बांधलेल्या रायफलचं तोंड तुम्हाला दिसतसुद्धा नाही, त्यामुळे तेव्हा मी मॅगझिनही, म्हणजे काडतुसांची पेटी, काढून खिशात ठेवते. "पण समोर अचानक जनावर आलं तर?" येतं. आणि जातं. मॅगझिन लावून बोल्ट ओढायला चार सेकंद लागतात. तेवढ्यात गेलेलं जनावर आपलं नव्हतंच असं समजायचं.

4. पट्टा निवडताना

आता पट्टा. दुकानात लटकणाऱ्या पट्ट्यांत मला तीन-चारच गोष्टी बघायच्या असतात.

पहिली, तो खांद्यावरून घसरतो का. माझे खांदे उतरते आहेत, त्यावर गुळगुळीत नायलॉन पाच मिनिटं टिकत नाही. रेनकोट घातला की संपलंच. खालच्या बाजूला रबरी किंवा खरखरीत अस्तर हवं.

हे मी शिकले ते असं. शेजारच्या घरात एक आजोबा राहतात, आयुष्यभर मेंढ्या राखलेले. त्यांनीच मला पहिल्यांदा डोंगरात नेलं. सुट्या दगडांची घसरण उतरत होतो, ते पुढे आणि खाली. माझा पाय सरकला, पट्टा खांद्यावरून निसटून कोपरात आला आणि रायफल गर्रकन फिरून तिचं तोंड थेट त्यांच्या पाठीकडे झालं. आवाज ऐकून ते वळले, तळहात वर केला आणि मी रायफल सावरेपर्यंत तसेच उभे राहिले. चेंबर रिकामं होतं. ओरडले नाहीत, पुढे एक शब्द बोलले नाहीत. गाडीपाशी आल्यावर मात्र तो पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि मागच्या सीटवर टाकला. अजून तिथेच असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ताण. स्पंजासारखे ताणले जाणारे जाड पट्टे दुकानात फार मऊ लागतात, रायफल हलकी झाल्यासारखी वाटते. चालताना मात्र ती प्रत्येक पावलाला वर-खाली उसळते. पाण्याची भरलेली कळशी हिंदकळत नेण्यासारखं. जरासा ताण ठीक, झोपाळा नको.

तिसरी, लांबी एका हाताने कमी-जास्त होते का. शर्टावर जुळवलेला पट्टा जाकिटावर आखूड पडतो आणि डोंगरात तुम्ही दिवसातून सहा वेळा जाकीट काढ-घाल करता.

चौथी, आवाज. धातूच्या कड्या करकरतात. दुकानातच रायफल हलवून कान लावा. घरी कडीवर कापडी टेपचा एक वेढा पुरतो.

कातडी पट्टा दिसायला देखणा असतो आणि कोरड्या मुलखात वर्षानुवर्षं टिकतो. इथल्या पश्चिम किनाऱ्याच्या पावसात तो पाणी पितो, जड होतो, वास मारतो. नको.

दोन्ही खांद्यांत अडकवायचे दुहेरी पट्टेही मिळतात, शाळेच्या दप्तरासारखे. सॅक नसेल तेव्हा यांच्याइतकं आरामाचं काही नाही. पण सॅकसोबत हे पट्टे एकमेकांत असे गुंततात की रायफल काढताना माणूस स्वेटरमध्ये अडकलेल्या पोरासारखा दिसतो.

खांद्यावर नळी वर की खाली, यावर इथल्या डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्यांमध्ये रात्र रात्र वाद चालतात. नळी वर असली की फांद्यांत अडकते, पाऊस आत जातो आणि तुम्ही वाकलात की ती पुढच्या माणसाकडे झुकते. खाली असली की पाणी जात नाही, उंची कमी होते, झाडीत सुटसुटीत. पण खडकावर टेकून बसताना तिचं तोंड चिखलात किंवा बर्फात रुतू शकतं आणि तसं रुतलेलं लक्षात न येता गोळी झाडली तर नळी फुटू शकते. मी बुटकी असल्यामुळे नळी खाली घेतली तर ती जवळजवळ जमिनीलाच लागते, म्हणून वर. नळीच्या तोंडावर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवते. शंका आली की आधी रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, मग नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं.

5. सॅकवर बांधायचे तीन प्रकार

*बाजूला उभी.* दस्ता खालच्या खिशात, वर एक पट्टी. फुकटात होतं, कुठल्याही सॅकवर जमतं. तोटा असा की चार किलो एका बाजूला येतात आणि दिवसाअखेर कंबर वाकडी होते. दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली आणि जड सामान भरून तोल साधा.

*मागे मधोमध, म्यानात.* तोल छान राहतो, स्कोपला कवच मिळतं. पण रायफल काढायची तर सॅक उतरवावी लागते किंवा सोबत्याला हाक मारावी लागते. एकटीने जाताना मला हे आवडत नाही.

*पुढून-बाजूने.* कमरेच्या पट्ट्याला खाली एक फास, त्यात दस्ता. खांद्याच्या पट्टीला वर एक पटकन सुटणारी पकड, तिच्यात नळीकडचा भाग. रायफल काखेखाली उभी राहते, वजन कमरेवर आणि एका झटक्यात हातात येते. मी आता हेच वापरते. सवय व्हायला दोन फेऱ्या लागल्या, कारण सुरुवातीला कोपर सारखं स्कोपवर आपटतं. बुटक्या माणसांनी खालचा फास शक्य तेवढा वर बांधावा, नाहीतर चढावर गुडघा उचलला की दस्ता आडवा येतो.

तिन्ही प्रकारांत बोल्टची मूठ बाहेर राहते की बरगडीत रुतते ते पाहा. आणि चापावर कुठलीही पट्टी, दोरी, फांदी येणार नाही अशीच बांधणी करा.

6. घरात रंगीत तालीम

पैसे खर्च करण्याआधी हे करा. खोलीत गोळ्या नकोत. बोल्ट काढून बाजूला. पडदे ओढलेले, कारण शेजाऱ्याने खिडकीतून बंदूक पाहिली आणि पोलिसांना फोन केला तर चूक त्याची नाही.

सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून नेहमीचं वजन करा, माझं दोन रात्रींसाठी 13 किलो होतं. डोंगरातले सगळे कपडे घाला, रेनकोटसकट. मग तासभर घरकाम. जिने चढा-उतरा, बुटाची नाडी बांधा, जेवणाच्या टेबलाखालून रांगत जा, खुर्चीवर बसून उठा. डोळे मिटून रायफल काढा आणि परत लावा, दहा वेळा, हातमोजे घालून. माझी मुलगी हे बघून इतकी हसली की तिने आजीला व्हिडिओ पाठवायची धमकी दिली.

तासाभराने कुठे लाल वळ उठलाय ते पाहा. तासात वळ उठला तर आठ तासांत कातडी सोलणार. सह्याद्रीत नवे बूट घालून थेट हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तालमीसाठी आणि नंतर डोंगरातही लागणारं सामान थोडंच आहे. स्वयंपाकघरातला किंवा सामान तोलायचा काटा, मोजायची टेप, इन्सुलेशन टेप, कापडी टेप, दोन जास्तीच्या पट्ट्या बकलसह, पट्ट्याच्या कडीचा एक सुटा जोड. ही कडी नेमकी सर्वांत लांबच्या ठिकाणी तुटते.

7. कुंपण, नदी, गाडी, हेलिकॉप्टर

कुंपणापाशी थांबा. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, तारेखालून पलीकडे जमिनीवर ठेवा, नळी दोघांपासून दूर. मग तुम्ही पलीकडे जा, आणि रायफल ठेवली होती त्या जागेपासून थोडं बाजूला. सोबती असेल तर तुम्ही ओलांडा आणि त्याने बोल्ट उघडी रायफल हातात द्यावी. खांद्याला अडकवून कुंपणावर चढणारे मी पाहिलेत. त्यांच्यासोबत परत गेले नाही.

नदी ही इथली खरी भीती आहे. ओलांडताना रायफल रिकामी आणि सॅकला पक्की, हात मोकळे. तिचा पट्टा अंगाभोवती आडवा कधीही घालू नका. वाहून जायची वेळ आली तर सॅक सोडता आली पाहिजे आणि सॅकबरोबर रायफलही सुटली पाहिजे. "एवढी महागाची" हा विचार काठावरच करून घ्या. पाणी गढूळ आणि चढतं असेल तर तंबू लावा, चहा करा, उद्या बघा.

गाडीत गोळ्या भरलेली रायफल ठेवणं हा गुन्हा आहे. बोल्ट काढून, पिशवीत, बाहेरून दिसणार नाही अशी, गोळ्या वेगळ्या. हेलिकॉप्टरने ताहरच्या मुलखात उतरणार असाल तर पायलट चढण्याआधी बोल्ट आणि मॅगझिन बाहेर काढलंय का ते विचारतो. त्याने विचारायच्या आधीच दाखवा. पंख्याच्या वाऱ्यात लोंबणारा पट्टा आवरून टेप लावून टाका.

8. परतीची वाट

शिकार झाली तर गणित बदलतं. सॅकमध्ये 20 किलो मांस वाढलं की सकाळची सगळी सोय कोलमडते. पुढून-बाजूने लटकवलेली रायफल आता आडवी येते, कारण तुम्ही पुढे वाकून चालता. परतीला मी ती सरळ सॅकच्या मागे बांधते, पूर्ण रिकामी. दिवसाचं काम संपलंय, ती हाताशी असायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मार्च-एप्रिलमध्ये, हरणांच्या माजाच्या दिवसांत, रानात शिकारीच शिकारी असतात. शिंगं किंवा चामडं सॅकच्या बाहेर तसंच लटकवून झाडीतून चालणं म्हणजे दुसऱ्याने तुम्हालाच जनावर समजावं याचं आमंत्रण. वर भडक नारिंगी कापड गुंडाळा. नारिंगी कपड्यांची इथे कायद्याने सक्ती नाही, तरी घाला.

उतारावर थकल्यावर एक खांदा आपोआप खाली झुकतो आणि पट्ट्या सैल होतात. दर तासाला थांबून मागची बांधणी हाताने चाचपून पाहा. सोबती असेल तर त्याला बघायला सांगा, त्याला तुमची नळी दिसते, तुम्हाला नाही.

घरी पोचल्यावर अंघोळीच्या आधी दहा मिनिटं द्या. सप्रेसर काढून वेगळा सुकत ठेवा, तसाच राहिला तर आतली ओल नळीच्या तोंडाशी गंज धरते. पट्टा काढून गोड्या पाण्यात बुचकळा आणि सावलीत वाळत घाला, घामाच्या मिठाने बकल अडकतात. रायफल पुसून तिजोरीत, बोल्ट आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि खांद्यावर कुठे वळ उठलाय ते आरशात बघून त्याच बाजूची पट्टी अर्ध्या इंचाने सैल किंवा घट्ट करून ठेवा. पुढच्या खेपेपर्यंत ते लक्षात राहत नाही.